पहिल्या पावलाचा मान

माणसाला चालायला सरकारी निधी लागतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्याआधी मी कट्टा गावच्या शाळेत भूगोल शिकवत होतो आणि चालणं ही फुकटची गोष्ट आहे अशी माझी भाबडी समजूत होती. आमचा गाव मालवणच्या अलीकडे, खाडीला टेकलेला. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या चालत आली, डोक्यावर भाताचे भारे घेऊन चालली, पायात काटे मोडून चालली. कुणाला त्यासाठी प्रस्ताव करावा लागला नाही. तो मान माझ्या वाट्याला यायचा होता.

निमित्त माझी बायको. दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी ती चुलीवरची पेज उतरवायला वाकली आणि तिथेच कलंडली. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, बोलणं परत आलं, हातही आला, पण डावा पाय मागे राहिला. तो ती ओढत चालायची. कणकवलीला व्यायाम शिकवणारी जी मुलगी होती, तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "काकू, रोज चालायचं. सपाट जागेवर, लांब, आणि कुणाचा हात न धरता. हात धरला की पाय आळशी होतो. आता चाललात तर पाय सुटेल. नाहीतर आखडला की आखडला." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही लांब राहायचं."

आता सपाट आणि लांब जागा आणायची कुठून? घरापुढचं अंगण, आमचं खळं आहे, पण खळ्यात किती फिरणार? घाण्याला जुंपल्यासारखी ती गोल गोल फिरायची आणि वैतागून पायरीवर बसायची. उरला डांबरी रस्ता. तो पूर्वी आमचा होता, आता पर्यटकांचा आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न वाजवून येतात, म्हणजे हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली. अशाच एका गाडीचा आरसा तिच्या पदराला घासून गेला. लागलं काही नाही, पण ती तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि तिला उठवायला दोन माणसं लागली. त्यानंतर तिने डांबरी रस्त्यावर पाऊल ठेवलं नाही.

"माका मागच्या वाटेन जाऊक गावला तर मी देवळापर्यंत एकटी जाईन," ती म्हणाली.

मागची वाट म्हणजे आमची पाणंद. घराच्या मागल्या दारातून निघते, दोन्ही बाजूंना चिरे रचून केलेले गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, पुढे भाताचे मळे, मग व्हाळ, म्हणजे ओढा, त्यावरचा लाकडी साकव, आणि पलीकडे देऊळ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या वाटेने चालली. डोळे मिटून गेली असती. पण घरोघरी मोटारसायकली आल्या आणि पाणंदीवरून जाणं कमीपणाचं झालं. गडगे ढासळले, घाणेरी माजली, साकवाचा तर एकच पोफळीचा सोट उरला. मी कोयता घेऊन एकदा उतरलो होतो. दोन दिवसांत माझी कंबर धरली आणि घाणेरी होती तिथेच राहिली.

म्हणून मी ग्रामसभेत उभा राहिलो. पाणंद नीट करावी, लोकांना चालायला होईल, असं साधं बोललो. मागून आवाज आला, "चलाक निधी? मगे उद्या जेवाक आणि निजाक पण मागा, सर!" सगळी सभा हसली. ज्यांच्या पोटांना आणि गुडघ्यांना चालण्याची सगळ्यात जास्त गरज होती, ते सगळ्यात मोठ्याने हसले. मी तिथेच दोन शब्द सुनावणार होतो, पण सरपंचाने मला खुणेने थांबवलं. सरपंच माझा जुना विद्यार्थी. भूगोलात कच्चा, पण माणसं वाचण्यात पक्का.

सभा संपल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, गावातल्या माणसाक चलाक पैसे नायत. पर्यटकाक चलाक आसत."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणंद म्हणा नको. निसर्ग पायवाट म्हणा."

अशा रीतीने माझी बायको कागदोपत्री पर्यटक झाली.

जिल्ह्याच्या कार्यालयात मी किती वेळा गेलो ते मोजण्यात अर्थ नाही. तिथले साहेब सज्जन होते, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक वेळी चहा द्यायचे. त्यांनी नकाशा बघितला आणि विचारलं, "सुरुवात कुठून?"

"आमच्या वाडीतून."

"आणि शेवट?"

"देवळापाशी."

"मधे काय आहे?"

"भाताचे मळे आहेत. व्हाळ आहे."

"ते ठीक आहे, पण बघण्यासारखं काय आहे? व्ह्यू पॉइंट? धबधबा? किल्ल्याचा अवशेष वगैरे?"

मी म्हणालो, "साहेब, धबधबा बघायला लोक आंबोलीला जातात. आमच्याकडे चालायचं आहे."

ते हसले. म्हणाले, "सर, नुसतं चालणं यात बसत नाही. एक सेल्फी पॉइंट टाका, प्रवेशाला कमान टाका, दोन बाकडी टाका. मग बघतो." मी बाहेर आलो आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून स्वतःशीच पुटपुटलो. जी बाई खळ्यात गोल फिरून रडकुंडीला येते, तिच्यासाठी मी सेल्फी पॉइंट मागत होतो. पण अडला हरी. टाकला सेल्फी पॉइंट. कमानही टाकली.

मग संमतिपत्रं. आमच्याकडे जमीन म्हणजे सामायिक, आणि सामायिक म्हणजे सगळ्यांची भांडायची जागा. मुंबईकर भाऊबंदांनी सह्या पटकन पाठवल्या, कारण त्यांना आपली जमीन कुठे आहे हेच माहीत नव्हतं. अडलं ते शेजारच्या माझ्या चुलत भावापाशी. त्याचा गडगा पाणंदीत हातभर पुढे आलेला. तो पूर्वीपासून तिथेच आहे असं तो म्हणतो, आणि त्याच्या वडिलांनी तो एका पावसाळ्यात सरकवला असं मी म्हणतो. त्यावरून आमचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. एकमेकांच्या घरच्या लग्नांना आम्ही जायचो, जेवायचो, पण बोलायचो नाही. मी सरपंचाला पाठवलं, गावकऱ्यांना पाठवलं. त्याचं उत्तर एकच, "पर्यटकांसाठी माझो गडगो मोडूचो? खुळो झालास काय?"

एके दिवशी दुपारी बायको दिसेना. मी घरभर शोधलं, विहिरीकडे बघून आलो. ती चुलत भावाच्या खळ्यात बसली होती. गडग्याचे पडके चिरे धरत धरत ती तिथपर्यंत गेली होती. मी बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी थांबलो. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. त्याच्या बायकोने पाणी दिलं, गूळ दिला. गडग्याचा विषय कुणी काढला नाही. निघताना ती उठायला गेली तेव्हा पाय लटपटला आणि चुलत भाऊ हात द्यायला धावला. तिने हात वर केला आणि म्हणाली, "नको रे. हात धरूचो नाय असा सांगलल्यानी आसा." आणि खांब धरून स्वतःच उठली. उठायला वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्यांनी बघितला.

दुसऱ्या आठवड्यात गडगा मागे सरला. मी आभार मानायला गेलो तर चुलत भाऊ चिरे उचलत उचलतच म्हणाला, "तुझ्यासाठी नाय हां." बऱ्याच वर्षांनी तो माझ्याशी बोलला ते हे वाक्य. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

काम सुरू व्हायला पुढचा हिवाळा उजाडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण ज्याने केली तो फार आशावादी माणूस असला पाहिजे. इतके महिने कुठे खिळली होती फाइल, कुणाला ठाऊक. पण मार्च जवळ आला तशी ती घोड्यासारखी धावायला लागली. मार्चअखेरीस पैसे परत जातात म्हणून सगळं एकदम झालं. आधी कमान उभी राहिली. वाट नाही, पण कमान आहे, असं ते ध्यान महिनाभर आमच्या मागल्या दारात उभं होतं. मग घाणेरी गेली, मुरूम पडला, साकवाच्या जागी काँक्रीटचा चांगला रुंद पूल आला, दोन्ही बाजूंना धरायला पाइप आले. वरून लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले. सेल्फी पॉइंट म्हणजे लोखंडाचा एक मोठा बदाम, त्यात गावाचं नाव, आणि पाठीमागे चुलत भावाचा शेणखताचा ढीग.

वाट मात्र छान झाली. हे मला मान्य केलंच पाहिजे. उतार होता तिथे पायऱ्या करू नका, उतरती वाट ठेवा, असं मी ठेकेदाराच्या मागे लागून सांगितलं होतं आणि त्याने चक्क ऐकलं. बायको रोज मागल्या दारात खुर्ची टाकून काम बघत बसायची. कामगारांना ताक द्यायची. शेवटचा ब्लॉक बसला त्या दिवशी तिने नव्या चपला काढून ठेवल्या, पट्टा असलेल्या, घसरू नयेत म्हणून कणकवलीहून आणलेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीला आडवी लाल रिबीन होती.

सरपंच म्हणाला, "सर, आठ दिवस फक्त. साहेबांची तारीख मागलंय." साहेब म्हणजे ज्यांच्या शब्दावर निधी आला ते पुढारी. त्यांच्या हस्ते उद्घाटन, मग वाट खुली. दुसऱ्या टोकाला, देवळाकडेही रिबीन बांधली होती, म्हणजे कुणी मागून येऊन उद्घाटन करू नये.

आठ दिवसांचे पंधरा झाले. साहेब मुंबईत होते. मग साहेबांच्या घरी लग्न होतं. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग आचारसंहिता उठली आणि पाऊस लागला, आणि पावसात मंडप कुठे घालणार? रिबीन भिजून गुलाबी झाली, फाटली. सरपंचाने नवी आणून बांधली.

मी इथे सरपंचाला दोष देणार होतो, पण एकट्या सरपंचाचं काय घेऊन बसलात? अख्ख्या गावातून एक माणूस त्या रिबिनीखालून गेला नाही. कुत्री गेली, मांजरं गेली, चुलत भावाची एक म्हैस सेल्फी पॉइंटपर्यंत जाऊन आली. माणूस नाही. बाहेरच्याला हे खुळचटपणाचं वाटेल. पण आमच्याकडे मान नावाची एक गोष्ट आहे. देवळातला पहिला नारळ कुणाचा, पहिला विडा कुणाचा, ढोलाला पहिली टिपरी कुणाची, हे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. दुसऱ्याचा पहिला मान आपण घ्यायचा नाही, मरायचं असलं तरी नाही. त्या संस्काराची माणसं आम्ही. त्यांनी साहेबांच्या कात्रीलाही देवळातल्या नारळाच्या रांगेत नेऊन बसवलं. मी माझ्या परीने प्रत्येकाला सांगितलं, की अरे, ती वाट आहे, देऊळ नाही. प्रत्येकाने मान हलवली आणि प्रत्येकजण डांबरी रस्त्याने गेला.

शेवटी मी जिल्ह्याला जाऊन त्या सज्जन अधिकाऱ्यालाच विचारलं, "उद्घाटन झाल्याशिवाय चालता येत नाही असा काही नियम आहे का?"

त्याने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "नियम? छे हो. काम पूर्ण झालं, बिल निघालं. आमच्या दृष्टीने ती वाट सुरू आहे. लोक चालत नाहीत का?"

"नाहीत."

"का?"

मी नारळाच्या मानापासून सुरुवात केली. त्याने चहा मागवला.

एसटीत मी मनातल्या मनात विजयाचं भाषण रचत आलो. आल्या आल्या चौकात सांगितलं, नियम नाही म्हणून. ग्रामसभेत हसलेला तोच माणूस या वेळी गंभीर होऊन म्हणाला, "नियम नसात ओ सर. पण मान आसा."

मग मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "ऊठ गो. चल. मी रिबीन वर धरतंय, तू खालसून जा. कोण काय म्हणता ता मी बघतंय."

ती नाही म्हणाली.

गावावर चिडणं सोपं होतं. तिच्यावर चिडलो तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही. तुझ्यासाठी मी एवढं केलं, कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, सेल्फी पॉइंट मागितला, आणि आता तू त्या गावाच्या खुळ्यांना जाऊन मिळतेस? तिने मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "माझ्या माहेराक काय झाला ता तुमका म्हायत आसा."

माहीत होतं. ती लहान असताना तिच्या माहेरच्या देवळात कुणीतरी मानकऱ्याच्या आधी नारळ फोडला. चुकून की मुद्दाम, ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्यावरून भांडण, मग कोर्ट, मग देवळाला कुलूप. तिचं सगळं बालपण बिनजत्रेचं गेलं. शेजारच्या गावातल्या जत्रेचे ढोल ऐकू यायचे आणि हिच्या गावात अंधार. तिच्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलगा दुसऱ्या बाजूचा होता.

"मान मोडलो की गाव मोडता," ती म्हणाली. "माझ्या पायासाठी ह्यां नको. उद्या साहेब रागावले आणि सरपंचाचेर बोट इला, मगे? रवतंय मी."

पण पाय थांबणार होता का? तिला थांबायला वेळ होता, पायाला नव्हता. पावसाळाभर ती पडवीत या टोकाकडून त्या टोकाकडे फिरली. श्रावणात पाऊल जमिनीवर पूर्ण टेकायचं. गणपती आले तेव्हा टाच उचललेली दिसायला लागली. त्या कणकवलीच्या मुलीने पाय हातात धरून बघितला आणि खुर्चीत बसून करायचा नवा व्यायाम सांगितला, आणि मला त्याचा अर्थ कळला. परत येताना मी कमानीकडे बघितलं. ब्लॉकच्या फटींतून तेरडा उगवून फुलला होता. इतक्या सुंदर वाटेचा मी इतका द्वेष केला नसता तर बरं झालं असतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला देवाचे तरंग बाहेर पडतात. तरंग म्हणजे उंच काठ्या, त्यांना रंगीत लुगडी नेसवलेली. त्या खांद्यावर घेऊन ढोलताशांत देव वेशीवरच्या आपट्यापर्यंत जातो, सोनं लुटतो आणि परत येतो. देवळापासून आपट्याकडे जाण्याची जुनी वाट म्हणजे हीच पाणंद. गेली काही वर्षं वाट मोडल्यामुळे तरंग नाइलाजाने डांबरी रस्त्याने जात होते आणि त्याबद्दल देवाची माफी मागितली जात होती. या वर्षी वाट झाली होती. तरंग वाजतगाजत देवळातून निघाले आणि पाणंदीच्या तोंडाशी येऊन थांबले. समोर रिबीन.

ढोल थांबले. वाडीतून बाया-माणसं आली होती, मी बायकोला रिक्षाने देवळापाशी आणलं होतं. सगळे सरपंचाकडे बघायला लागले. सर्वात वडील मानकरी, ज्यांचे खांदे तरंगाच्या ओझ्याने झुकले होते, त्यांनी विचारलं, "देवाक अडवलंस काय रे?"

सरपंच मधे उभा. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला साहेब. मला वाटलं, आता तरी हा पठ्ठ्या रिबीन फाडणार. त्याने काय करावं? त्याने दोन्ही हातांनी हळूच गाठ सोडली, रिबीन मनगटाला गुंडाळली आणि बाजूला झाला. कात्री लावली नाही. कापण्याचा मान साहेबांचा, तो शाबूत. धावत जाऊन त्याने आमच्या बाजूच्या कमानीचीही सोडली. तरंग पुढे गेले, मागून पुरुष, त्यामागून बाया. मी पुरुषांच्या लोंढ्यात ढकलला गेलो. मागे वळून बघायला जागा नव्हती.

आपट्याखाली सोनं लुटलं. एकमेकांना पानं देत, गळ्यात पडत मी तिला शोधत होतो. ती नव्हती. तिच्या मैत्रिणींना विचारलं, एक म्हणाली मागे आहे, दुसरी म्हणाली रिक्षाने घरी गेली असेल. रिक्षावाला तर माझ्यासमोर पानं लुटत होता. आदल्या रात्रीच्या सरीने ब्लॉक ओले होते. पुलाखाली व्हाळ भरून वाहत होता. मी आलो तसा उलट धावलो. धावलो म्हणजे या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

कमानीपाशी आलो तर सरपंच तिथे होता, आणि काय करत होता? रिबीन परत बांधत होता. तरंग परतीला डांबरी रस्त्याने देवळाकडे जातात, तशी रीत आहे. म्हणजे देवाचं काम झालं होतं. आता पुन्हा साहेबांची वाट बघायला आम्ही मोकळे.

"अरे मेल्या—" मी सुरुवात केली, आणि तेवढ्यात मला ती दिसली.

पाणंदीवर ती एकटी होती. सगळा लोंढा पुढे निघून गेला होता आणि ती मागे राहून आपल्या चालीने येत होती. पूल ओलांडून झाला होता. पाइपला हात लावलेला नव्हता. उजवं पाऊल टाकायची, थांबायची, डावा पाय ओढून आणायची, टाच टेकवायचा प्रयत्न करायची, मग पुढचं. एका ओल्या ब्लॉकवर तिचा पाय सरकला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. ती सावरली. माझा हात रिबिनीकडे गेला.

"सर," सरपंच हळूच म्हणाला, "रिबीन..."

त्याला मी काय केलं असतं ते देवालाच ठाऊक, पण तिकडून तिचाच आवाज आला. झटक्यानंतर एवढा मोठा आवाज तिने काढला नव्हता. "ओ! तुमी येव नको! थंयच रवा!"

मी तिथेच राहिलो. ती येत राहिली. सेल्फी पॉइंटपाशी टेकली नाही, बाकड्यावर बसली नाही. कमानीपाशी पोचली तेव्हा चेहरा घामाने निथळत होता आणि नव्या चपलांचे पट्टे चिखलाने माखले होते. ती खांबाला हात लावून उभी राहिली. रिबीन तिच्या छातीशी आली. सरपंच गडबडीने गाठ सोडायला लागला. त्याच्या बोटांना ती सुटेना.

"सोडू नको रे," ती त्याला म्हणाली. "रवांदे तुझी रिबीन. कापूचो मान साहेबांचो. तो मी घेवक नाय."

"पण काकी, तुमी आत गेलास कशे?"

"देवाच्या मागसून गेलंय. देवाचो मान झालो. त्याच्या मागसून चलाक कोणाची परवानगी लागता?"

सरपंच माझ्याकडे बघायला लागला, जणू मी भूगोलाच्या पुस्तकात बघून उत्तर देणार होतो. मी हात पुढे केला. "दमलंस. चल घरात, पाणी घे," मी म्हणालो.

तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा मागे, त्या ओल्या लाल-पिवळ्या वाटेकडे. मग खांबाला धरलेला हात सोडला आणि सावकाश वळली. वळायला तिला बराच वेळ लागला.

"जातंस खंय?" मी ओरडलो.

"देवळापर्यंत जाऊन येतंय," ती न थांबता म्हणाली. "परत बाहेर इलंय तर तुमी कोण माका आत सोडूचे नाय."

मी आणि सरपंच रिबिनीच्या अलीकडे उभे राहिलो. आत जायची मनाई सरपंचाला साहेबांची होती, आणि मला तिची.